कपातीचा वाटा कोणी उचलायचा? तेल उत्पादक देशांच्या सहकार्याची घडण

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: तेल उत्पादक देश एकत्र येऊन जागतिक बाजारावर प्रभाव पाडतात, म्हणजे ते प्रत्यक्षात काय करतात? आणि तेल निर्यातदार देशांची संघटना असलेल्या ओपेकच्या सभासदांकडे जगाच्या उत्पादनाचा सुमारे एक तृतीयांश हिस्साच असताना त्यांच्या एका निर्णयाने भाव इतका कसा हलतो? मी जवळजवळ तीन दशके मुंबईतील एका तेलशुद्धीकरण कंपनीच्या कच्चे तेल खरेदी विभागात काम केले. या देशांचे निर्णय कागदावर कसे दिसतात आणि चार-सहा आठवड्यांनी आपल्या बंदरात टँकरच्या रूपाने कसे पोहोचतात, हे दोन्ही जवळून पाहिल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

आधी गाभा सांगतो. हे देश भाव ठरवत नाहीत. भाव लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर आणि दुबई येथील वायदे आणि प्रत्यक्ष व्यवहारांतून ठरतो. हे देश ठरवतात ते इतकेच की येत्या महिन्यांत जमिनीखालून किती तेल वर काढायचे, आणि मागणी कमी असेल तर न काढलेल्या तेलाचा तोटा कोणी किती सोसायचा. यातला दुसरा भागच खरा अवघड असतो. उत्पादन कमी केले की भाव सावरतो हे प्रत्येक तेलमंत्र्याला ठाऊक असते. मात्र कपात शेजाऱ्याने करावी आणि वाढलेला भाव आपल्याला मिळावा, अशी प्रत्येकाची स्वाभाविक इच्छाही असते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या देशांनी जे काही कमावले किंवा गमावले, ते या एका पेचाभोवती फिरत आले आहे. त्यामुळे त्यांच्या सहकार्याकडे मी झीज वाटून घेण्याची व्यवस्था म्हणून पाहतो. ती वाटणी पटली तेव्हा संघटना टिकली आणि बाजारही तिच्या कलाने चालला. वाटणी मोडली तेव्हा भाव कोसळले.

ही कल्पना आखाती वाळवंटात जन्माला आली असे अनेकांना वाटते. तिचे मूळ अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आहे. १९३० मध्ये पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड तेलक्षेत्र सापडले, हजारो लहान मालकांनी एकाच वेळी विहिरी खोदल्या आणि १९३१ मध्ये काही ठिकाणी पिंपाचा भाव १० सेंटांपर्यंत घसरला. प्रकरण इतके हाताबाहेर गेले की राज्यपालांना विहिरी बंद करण्यासाठी नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले. त्यानंतर टेक्सास रेलरोड कमिशन या सरकारी मंडळाने प्रत्येक विहिरीला किती तेल काढता येईल याची मर्यादा घालून द्यायला सुरुवात केली. मंडळाचे नाव रेल्वेचे होते, काम मात्र तेलाच्या वाटपाचे. चाळीस वर्षे हे मंडळ मागणीचा अंदाज घेऊन दरमहा आकडा ठरवत असे, आणि जगाच्या तेलबाजाराचा तोल बऱ्याच अंशी त्याच्या हातात होता. व्हेनेझुएलातून परागंदा होऊन काही काळ वॉशिंग्टनमध्ये राहिलेले हुआन पाब्लो पेरेस अल्फोन्सो यांनी या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. पुढे तेच व्हेनेझुएलाचे तेलमंत्री झाले.

त्या काळात आखातातले आणि व्हेनेझुएलातले तेल ‘सप्तभगिनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात पाश्चात्त्य कंपन्यांच्या ताब्यात होते. देशांना मिळणारा कर आणि स्वामित्वधन हे कंपन्यांनी जाहीर केलेल्या भावावर मोजले जाई. १९५९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट १९६० मध्ये कंपन्यांनी हा जाहीर भाव यजमान देशांना न विचारता खाली आणला. एका कंपनीच्या कचेरीत घेतलेल्या निर्णयाने सार्वभौम देशाचा अर्थसंकल्प कोलमडू शकतो, हे त्यातून उघड झाले. पेरेस अल्फोन्सो आणि सौदी अरेबियाचे तेलखाते पाहणारे अब्दुल्ला तारिकी यांच्यात आधीच बोलणी सुरू होती. सप्टेंबर १९६० मध्ये इराक, इराण, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला हे पाच देश बगदादमध्ये जमले आणि ओपेकची स्थापना झाली. संघटनेचे मुख्यालय आधी जिनिव्हात होते. १९६५ पासून ते व्हिएन्नात आहे. पहिली दहा वर्षे तिला फारसे कोणी मोजले नाही, याचे कारणही साधे होते: टेक्सासमध्ये अजून न काढलेले तेल शिल्लक होते आणि आखातात तुटवडा झाला तर ते बाजारात आणता येत असे. मार्च १९७१ मध्ये टेक्सासने आपल्या विहिरींवरची मर्यादा पूर्ण उठवली, म्हणजे तिथली राखीव क्षमता संपली. त्या महिन्यात बाजाराची किल्ली टेक्सासकडून आखाताकडे गेली. १९७३ च्या गदारोळात या तारखेची आठवण फार कमी जणांना राहते; माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे.

१९७३ बद्दल एक गैरसमज इतका पक्का रुजला आहे की तो इथेच दूर करतो. त्या वर्षीचा तेलबहिष्कार ओपेकने केला नव्हता. तो अरब तेल निर्यातदारांच्या वेगळ्या, १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ओआपेक या संघटनेच्या सभासदांनी इस्रायलशी चाललेल्या युद्धाच्या संदर्भात केला होता. ओपेकचे संस्थापक असलेले इराण आणि व्हेनेझुएला त्यात नव्हते. ओपेकच्या आखाती सभासदांनी त्याच सुमारास केले ते निराळे काम: १६ ऑक्टोबर १९७३ रोजी कुवेतमध्ये त्यांनी कंपन्यांशी वाटाघाटी न करता जाहीर भाव स्वतः सुमारे ७० टक्क्यांनी वाढवला, आणि १ जानेवारी १९७४ पासून तो ११.६५ डॉलरवर नेला. बहिष्कार काही महिन्यांत उठला, भाव मात्र खाली आला नाही. म्हणजे त्या काळात हे देश खरोखरच भाव ठरवत होते. ते पुढे का थांबले, हे समजले की आजची पद्धत समजते.

भाव चढा राहिल्याने दोन गोष्टी घडल्या. अलास्का, मेक्सिको आणि उत्तर समुद्र येथील महागडे तेल काढणे परवडू लागले, आणि दुसरीकडे गाड्या व कारखाने काटकसर शिकले, वीजकेंद्रे कोळशाकडे आणि अणुऊर्जेकडे वळली. (आपल्या मुंबई हायचे तेलही १९७४ मध्येच सापडले आणि १९७६ पासून ते येऊ लागले.) १९८० नंतर ओपेकच्या तेलाची मागणी झपाट्याने घटली. जाहीर भाव टिकवायचा तर उत्पादन कमी करणे भाग होते, म्हणून मार्च १९८२ मध्ये ओपेकने पहिल्यांदा एकूण उत्पादनाला मर्यादा घातली. मार्च १९८३ मध्ये लंडनला तब्बल बारा दिवस चाललेल्या बैठकीत भाव ३४ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला गेला, दररोज १ कोटी ७५ लाख पिंपांची एकूण मर्यादा ठरली आणि देशवार कोटे वाटले गेले. सौदी अरेबियाने ठरावीक कोटा न घेता उरलेला तोल सांभाळण्याची जबाबदारी स्वीकारली. इतरांनी काढून जे उरेल तेवढेच तो काढणार होता.

इथे वाटणी फसली. इतर सभासद कोट्यापेक्षा जास्त तेल काढत राहिले, उघड भावावर छुप्या सवलती देत राहिले, आणि सगळी पदरमोड एकट्या सौदी अरेबियाच्या वाट्याला आली. १९८० च्या सुमारास दररोज जवळजवळ १ कोटी पिंप काढणारा हा देश १९८५ च्या उन्हाळ्यात २५ लाखांच्या आसपास येऊन ठेपला. महसूल आटला, आणि तेलाबरोबर येणारा वायू कमी झाल्यामुळे वीजनिर्मिती आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पांना इंधन पुरवण्याची चिंता निर्माण झाली. अखेर तेलमंत्री अहमद झकी यामानी यांच्या काळात सौदीने ती भूमिका सोडली. त्याने रिफायनऱ्यांशी असे करार केले की कच्च्या तेलाची किंमत पेट्रोल-डिझेलच्या बाजारभावावरून मागे मोजत यायची, त्यातून रिफायनरीचा नफा आणि वाहतूक वजा करायची आणि उरेल ते सौदीने घ्यायचे. रिफायनरीचा नफा पक्का झाल्यावर ती जास्तीत जास्त तेल उचलणार, हे उघड होते. १९८५ च्या अखेरीस ३० डॉलरच्या आसपास असलेला भाव १९८६ च्या मध्याला १० डॉलरपर्यंत खाली आला, आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये यामानींना पदावरून दूर करण्यात आले.

या अनुभवाने सौदी अरेबियाचे धोरण कायमचे बदलले. आम्ही एकटे गाडा ओढणार नाही, इतर ओढणार असतील तर त्यांच्यापेक्षा जास्त ओढू, हे सूत्र तेव्हापासून प्रत्येक सौदी तेलमंत्र्याच्या तोंडी वेगवेगळ्या शब्दांत आलेले आहे. तसेच १९८७-८८ च्या सुमारास जाहीर भावाची पद्धत मागे पडली आणि तेलाचा भाव बाजारातल्या एखाद्या प्रमाण तेलाशी, म्हणजे ब्रेंट, दुबई किंवा ओमानशी, जोडला जाऊ लागला. तेव्हापासून या देशांच्या हाती राहिले ते प्रमाण. भाव बाजाराकडे गेला.

आता कोटा कसा ठरतो ते पाहू. प्रत्येक देशाची एक आधारपातळी धरली जाते, म्हणजे ज्या आकड्यातून कपात वजा करायची तो आकडा. बातम्यांमध्ये कपातीचा आकडा येतो. खरे भांडण असते ते आधारपातळीवर. २०२० च्या करारात ऑक्टोबर २०१८ चे उत्पादन ही बहुतेकांची आधारपातळी धरली गेली, फक्त सौदी अरेबिया आणि रशिया यांना प्रत्येकी १ कोटी १० लाख पिंपांचा सारखा आकडा दिला गेला. संयुक्त अरब अमिरातीची आधारपातळी ३१ लाख ६८ हजार पिंपांची होती. त्या देशाने दरम्यान अब्जावधी डॉलर गुंतवून क्षमता वाढवली होती, त्यामुळे टक्केवारीने मोजता सगळ्यांत जास्त क्षमता आपलीच बंद पडून आहे, अशी त्याची तक्रार होती. जुलै २०२१ मध्ये याच मुद्द्यावर बैठक मोडली, आणि दोन आठवड्यांनी समझोता झाला तो असा की मे २०२२ पासून अमिरातीची आधारपातळी ३५ लाख धरली जाईल, सौदी आणि रशियाची प्रत्येकी १ कोटी १५ लाख होईल, आणि इराक व कुवेतलाही थोडी वाढ मिळेल. एकाला दिले की सगळ्यांना द्यावे लागते. उलट बाजूचा प्रसंग अंगोलाचा. गुंतवणुकीअभावी त्याचे उत्पादन वर्षानुवर्षे घटत गेले होते, म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला ११ लाख १० हजार पिंपांचा कोटा देण्यात आला. अंगोलाला ११ लाख ८० हजार हवे होते. फरक अवघा ७० हजार पिंपांचा, तरीही डिसेंबरमध्ये अंगोलाने संघटना सोडण्याची घोषणा केली. ज्या देशाला पुढे तेलक्षेत्रांसाठी परदेशी गुंतवणूकदार आणायचे आहेत, त्याला आजचा कमी कोटा म्हणजे उद्याच्या गुंतवणुकीवरचे बंधन वाटते, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

मोजणी हा दुसरा नाजूक भाग आहे. प्रत्येक देशाने स्वतः दिलेल्या आकड्यावर कोणी विसंबत नाही. ओपेक काही स्वतंत्र संस्थांच्या अंदाजांची सरासरी घेते आणि तीच पालनाचे माप मानते. टँकरांची ये-जा, बंदरांतील नोंदी, साठवण टाक्यांची उपग्रहचित्रे अशा गोष्टींवरून या संस्था अंदाज बांधतात. मार्च २०२२ मध्ये या यादीतून तेल वापरणाऱ्या विकसित देशांच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे नाव काढून दोन खासगी सल्लागार संस्था घेतल्या गेल्या, यावरून माप कोणाच्या हातात असावे याला किती महत्त्व आहे ते कळते. शिवाय काय मोजायचे हाही वाद असतो. वायूबरोबर निघणारे हलके द्रव तेल, ज्याला कंडेन्सेट म्हणतात, ते कोट्यात धरायचे नाही असे ओपेकमध्ये आधीपासून होते. डिसेंबर २०१९ मध्ये रशियालाही ती सूट मिळाली. जे देश जास्त तेल काढून बसतात त्यांनी पुढच्या महिन्यांत तेवढेच कमी काढून भरपाई करावी, असा नियम २०२० पासून आहे, आणि इराक व कझाकस्तान यांची नावे त्या भरपाईच्या वेळापत्रकांत वारंवार दिसतात. दंड करण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. हा सार्वभौम देशांचा करार आहे आणि त्यामागे न्यायालय उभे नाही.

मग शिस्त येते कुठून? ती येते राखीव क्षमतेतून. ज्या विहिरी तयार आहेत पण मुद्दाम बंद किंवा मंद ठेवल्या आहेत, आणि ज्या महिन्याभरात सुरू करून निदान तीन महिने चालवता येतात, त्यांची क्षमता म्हणजे राखीव क्षमता. अशी क्षमता बाळगणे खर्चिक असते, कारण भांडवल गुंतवून ते रिकामे ठेवावे लागते. त्यामुळे जगातली बहुतेक राखीव क्षमता सौदी अरेबिया आणि त्याचे आखाती शेजारी यांच्याकडेच एकवटलेली आहे. सौदीची कमाल क्षमता १ कोटी २० लाख पिंपांची सांगितली जाते. भाव फार चढला तर तेल सोडून तो खाली आणता येतो, आणि सोबती फारच बेशिस्त झाले तर बाजारात तेलाचा पूर आणून त्यांना जेरीस आणता येते. राखीव क्षमता हे अशा रीतीने ग्राहकांसाठी विम्याचे आणि सभासदांसाठी धाकाचे साधन आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग इथेच येतो: थोड्या तेलाने भाव इतका का हलतो? तेल महाग झाले म्हणून उद्यापासून ट्रक थांबत नाहीत, विमाने रद्द होत नाहीत आणि नवे तेलक्षेत्र कित्येक वर्षांनंतर उत्पादन देते. म्हणजे नजीकच्या काळात मागणी आणि पुरवठा दोन्ही भावाला फार कमी प्रतिसाद देतात. जग दररोज सुमारे १० कोटी पिंप तेल वापरते असे धरले, तर त्यात १० लाखांची तूट म्हणजे फक्त एक टक्का. पण तो एक टक्का कोणी वापरायचा नाही हे ठरवण्यासाठी भावाला बराच वर जावे लागते. ही तूट आधी साठ्यांतून भरली जाते, म्हणून तेल उत्पादक देशांचे खरे लक्ष साठ्यांवर असते. साठे भरलेले असतात तेव्हा आजचे तेल पुढच्या महिन्यांच्या तेलापेक्षा स्वस्त विकले जाते आणि व्यापारी ते टाक्यांत साठवून ठेवतात. साठे आटतात तेव्हा आजचे तेल महाग होते आणि साठवणे परवडत नाही. २०१७ मध्ये ओपेक आणि तिच्या सोबत्यांनी आपले उद्दिष्ट डॉलरमध्ये सांगितले नाही. विकसित देशांतील साठे पाच वर्षांच्या सरासरीवर आणणे हे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले, आणि ते व्यवसायाच्या दृष्टीने अगदी योग्य होते.

‘सोबती’ कसे मिळाले तेही सांगायला हवे. अमेरिकेत शेल खडकांतून तेल काढण्याचे तंत्र रुळले आणि २००८ मध्ये दररोज ५० लाख पिंपांच्या आसपास असलेले तिथले उत्पादन २०१५ मध्ये ९० लाखांच्या पलीकडे गेले. २७ नोव्हेंबर २०१४ च्या बैठकीत ओपेकने कपात करायची नाही असे ठरवले; स्वस्त तेल काढणाऱ्यांनी जागा सोडायची आणि महाग तेल काढणाऱ्यांनी ती घ्यायची हे सौदी मंत्री अली अल-नैमी यांना मान्य नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये भाव ३० डॉलरच्याही खाली गेला. शेल कंपन्या घायाळ झाल्या तरी संपल्या नाहीत, आणि उत्पादक देशांचे अर्थसंकल्प मात्र उघडे पडले. सप्टेंबर २०१६ मध्ये अल्जिअर्सला सुरू झालेली बोलणी नोव्हेंबरअखेर १२ लाख पिंपांच्या कपातीपर्यंत पोहोचली, आणि १० डिसेंबर २०१६ रोजी रशिया, मेक्सिको, कझाकस्तान, ओमान आदी ११ देशांनी आणखी ५ लाख ५८ हजार पिंपांची कपात मान्य केली. त्यातले ३ लाख एकट्या रशियाचे होते. वर्तमानपत्रांत ज्याला ‘ओपेक प्लस’ म्हणतात ती हीच मांडणी. तिच्यामुळे कपातीचा भार अधिक खांद्यांवर गेला, हे तिचे मोठे यश मी मानतो.

ती मांडणी किती ठिसूळ आहे हे मार्च २०२० मध्ये दिसले. साथीमुळे मागणी घटत असताना ओपेकने एकूण १५ लाख पिंपांची जादा कपात सुचवली. ६ मार्चला व्हिएन्नात रशियाने नकार दिला. दुसऱ्याच दिवशी सौदी आराम्को या तिथल्या सरकारी तेल कंपनीने एप्रिलचे विक्रीदर आशियासाठी पिंपामागे ६ डॉलरने आणि वायव्य युरोपसाठी ८ डॉलरने उतरवले, आणि १० मार्चला दररोज १ कोटी २३ लाख पिंप बाजारात आणण्याची घोषणा केली. एका बाजूला मागणी नाहीशी होत होती, दुसऱ्या बाजूला तेलाचा लोंढा. त्या आठवड्यांत आमच्याकडे टाक्यांची मोजमापे दिवसातून दोनदा मागवली जात होती. कारण टाळेबंदीमुळे पेट्रोल-डिझेल उचलले जात नव्हते आणि आधी मागवलेली जहाजे बंदराबाहेर येऊन उभी होती. अखेर १२ एप्रिलला मे महिन्यापासून ९७ लाख पिंपांच्या कपातीचा करार झाला. इतकी मोठी समन्वित कपात तेलाच्या इतिहासात झालेली नव्हती. तरीही मेक्सिकोने आपल्या वाट्याची ४ लाखांची कपात नाकारून फक्त १ लाख मान्य केली आणि त्यासाठी सगळा करार तीन दिवस लोंबकळत राहिला. करारानंतर आठ दिवसांनी, २० एप्रिलला, अमेरिकेतील मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, कारण साठवायला जागाच उरली नव्हती. कपात कितीही मोठी असली तरी आधी भरलेल्या टाक्या रिकाम्या व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उत्पादकांना कळ काढावीच लागते.

आता हा निर्णय खरेदीदाराच्या टेबलावर कसा पोहोचतो ते सांगतो, कारण याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. आखाती देशांकडून आपल्या रिफायनऱ्या बरेचसे तेल वर्षभराच्या मुदत कराराने घेतात. सौदी आराम्को दर महिन्याच्या ५ तारखेच्या सुमारास पुढच्या महिन्याचे विक्रीदर जाहीर करते. आशियासाठी हा दर ओमान आणि दुबईच्या सरासरीपेक्षा किती डॉलर जास्त किंवा कमी, अशा स्वरूपात असतो. त्यानंतर आम्ही कोणत्या प्रतीचे किती तेल हवे ते कळवत असू आणि काही दिवसांत किती मिळणार याचे उत्तर येई. कपातीच्या काळात या उत्तराकडे आमचे सगळ्यांत जास्त लक्ष असे. आखाती देश कपात करताना बहुधा जड, गंधकयुक्त प्रती आधी कमी करतात, कारण हलक्या तेलाला भाव जास्त मिळतो. डांबर आणि फर्नेस ऑइल देणारे जड तेल दुर्मिळ झाले की जड आणि हलक्या तेलाच्या किमतींतले अंतर घटते, आणि जड तेल पचवण्यासाठी मोठा खर्च करून यंत्रसामग्री उभारलेल्या रिफायनऱ्यांचा फायदा आक्रसतो. ब्रेंटचा भाव पाहणाऱ्याला हे दिसतच नाही. एकाच प्रतीचे तेल आशियातल्या खरेदीदारांना युरोपपेक्षा महाग पडते, ही आपल्याकडची जुनी तक्रारही याच विक्रीदरांच्या रचनेतून आलेली आहे.

गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या भारताचे म्हणणे या व्यवस्थेत कितपत ऐकले जाते? २०२१ च्या सुरुवातीला सौदीने करारापलीकडे आणखी १० लाख पिंपांची स्वेच्छा कपात केली, तेव्हा भारताने पुरवठा वाढवण्याची विनंती केली. त्यावर सौदी ऊर्जामंत्री राजपुत्र अब्दुलअझीज बिन सलमान यांनी उत्तर दिले की भारताने आदल्या वर्षी स्वस्तात घेतलेले तेल आता वापरावे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत साठे मिळून ५३ लाख टनांच्या आसपास तेल मावते, म्हणजे देशाच्या जेमतेम दहा दिवसांच्या गरजेइतके. ते उत्तर आम्हा खरेदीदारांना झोंबले यात शंका नाही. मात्र उत्पादकांनाही गिऱ्हाईक टिकवायचे असते. रत्नागिरी जिल्ह्यात नाणारला योजलेल्या वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या प्रकल्पात निम्म्या भागीदारीसाठी आराम्को आणि अबू धाबीची सरकारी तेल कंपनी ॲडनॉक यांनी २०१८ मध्ये सामंजस्य करार केले, त्यामागचे एक मोठे कारण आपल्या तेलाला काही दशकांचे खात्रीचे ठिकाण मिळवणे हेच होते. प्रकल्प त्या स्वरूपात उभा राहिला नाही, पण ती गरज आजही तशीच आहे. उत्पादकाला मागणीची जेवढी चिंता असते, तेवढेच आपले बळ.

म्हणून पुढच्या वेळी कपातीची बातमी येईल तेव्हा मथळ्यातल्या आकड्यावर थांबू नये, एवढे व्यावहारिक सांगणे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये २० लाख पिंपांची कपात जाहीर झाली. पण नायजेरिया, अंगोला यांसारखे अनेक सभासद आधीच कोट्याच्या बरेच खाली होते, त्यामुळे त्यांना नवे काही कमी करावेच लागले नाही आणि प्रत्यक्ष घट साधारण निम्मीच होती. कपात कोणत्या आधारपातळीतून मोजली आहे, ती सगळ्यांची आहे की काही देशांची स्वेच्छेची, आणि ती करणाऱ्यांकडे मुळात बंद करण्याजोगे तेल आहे का, हे आधी पाहावे. इराण, लिबिया आणि व्हेनेझुएला यांना निर्बंध किंवा अस्थैर्य या कारणांनी अनेकदा कोट्यातून सूट मिळत आलेली आहे, तेव्हा त्यांचे तेल वाढते आहे का हेही तपासावे. आणि त्यानंतर ५ तारखेची वाट पाहावी. बैठकीत कपात जाहीर झाली आणि तरीही आशियासाठीचे विक्रीदर उतरले, तर विकणाऱ्यालाच गिऱ्हाईक मिळेल याची खात्री वाटत नाही असे समजावे. मी खरेदी विभागात असेपर्यंत पुढच्या महिन्याची मागणी कळवण्याआधी त्या एका कागदाची वाट पाहत असे, आणि बैठकीच्या निवेदनापेक्षा त्यावर अधिक भरवसा ठेवत असे.